माइक, कुकर आणि माझा जबडा

सकाळी टूथब्रश दाढेपर्यंत जाईना, तेव्हा मी पहिल्यांदा मानलं की काहीतरी बिघडलं आहे. दुखत तर आधीपासूनच होतं. उठल्याबरोबर कानशिलं ठणकायची, तोंड उघडताना डाव्या कानापुढे कट्‌कन आवाज व्हायचा, अर्धी पोळी खाऊन जबडा दमायचा. पण मी याद्यांवर जगणारी बाई. घराची यादी, कामावरची यादी, सणांची यादी. जे कुठल्याच यादीत बसत नाही त्याकडे बघायला मला वेळ नसतो, आणि जबडा कुठेच बसत नव्हता.

मी झाशी स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करते. दिवसपाळीला फलाटांवरच्या भोंग्यांतून जो बाईचा आवाज येतो, तो माझा. केबिन लहान आहे: एक टेबल, माइक, वेळापत्रक, दोन फोन आणि एक खिडकी. फोन माझे एक सहकारी घेतात. कुठली गाडी कुठवर आली, कुठल्या फलाटावर घ्यायची, हे ऐकून ते चिठ्ठीवर लिहितात आणि चिठ्ठी माझ्यापुढे सरकवतात. माणूस बुंदेली, माझ्याहून वयाने मोठा, तरी मला 'जिज्जी' म्हणतो, म्हणजे ताई. दिवसभर आम्ही शेजारी बसतो.

घरी माझं दुखणं आधी यजमानांच्या कानांवर गेलं, अगदी शब्दशः.

"झोपेत तू दात खातेस," हे चहा घेताना म्हणाले. "काल मला वाटलं, कोणी भरडायला बसलंय."

सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता निदान केलं. "जंत झालेत. वावडिंग दे तिला."

"आई, शाळेत तुमची नात जाते, मी नाही."

"जंत काय शाळेचा दाखला बघून येतात?"

यजमानांचं घराणं झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं. देशावरून घोड्यावर बसून आले ते परत गेलेच नाहीत, असं सासूबाई सांगतात, आणि औषधंही बहुधा त्याच घोड्यावरून आली असावीत. माझं माहेर झाशीतल्याच नगरा मोहल्ल्यातलं, रेल्वेतल्या नोकरीवाल्यांचं. आमच्याकडे औषध म्हणजे रेल्वेच्या दवाखान्यातली पांढरी गोळी. मी दोन्ही घेतलं. वावडिंगाचा काढा प्याले, गोळ्या गिळल्या, दाढेत लवंगेचं तेल घातलं. जबडा जसा होता तसाच.

मग साहेबांनी बोलावलं. आमचे साहेब सरळ माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाले, "बहनजी, आपकी आवाज़ दबी-दबी आ रही है। जैसे मुँह में पान हो।"

"सर, मैं पान नहीं खाती।"

"जानता हूँ। इसीलिए पूछ रहा हूँ।" त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "कोहरे के दिन आने वाले हैं। तब तक ठीक हो जाए तो अच्छा। नहीं तो आपको पार्सल दफ़्तर में आराम से बैठा देंगे, और यहाँ किसी और को ले आएँगे।"

त्यांनी ते आरामाच्या शब्दांत सांगितलं, म्हणून जास्त लागलं. थंडीत झाशीला धुकं पडलं की गाड्या कधी येतील ते कोणालाच सांगता येत नाही. फलाट बदलतात, वेळा बदलतात, आणि हजारो माणसं कान वर करून एकाच गोष्टीची वाट बघतात: भोंग्यातला आवाज. तेच दिवस माझ्या खऱ्या कामाचे. त्या दिवसांत मी पार्सलच्या पेट्या मोजत बसणार? घरी येऊन मी नवी यादी केली आणि वर लिहिलं: जबडा.

दातांच्या डॉक्टरीणबाई सदर बाजारात बसत. तरुण, चटपटीत, हात गार. त्यांनी आरसा घालून सगळे दात बघितले, गालाच्या आतली बाजू बघितली, मला जीभ बाहेर काढायला लावली. मग तोच आरसा माझ्यापुढे धरला. दाढांचे उंचवटे झिजून सपाट झाले होते. गालाच्या आत दात भिडतात तिथे पांढरी रेघ होती. जिभेच्या कडेला नक्षी उठली होती, करंजीला कातण फिरवल्यासारखी.

"दाढ कहीं से सड़ी नहीं है," त्या म्हणाल्या. "एक में बारीक दरार है, बस। कीड़ा नहीं, ज़ोर है। आप दाँत भींचती हैं।"

"सोते में," मी म्हटलं. "घर वाले कहते हैं।"

"सोते में भी।" त्यांनी हातमोजा काढला. "अच्छा, अभी, इस वक़्त, आपके ऊपर-नीचे के दाँत मिले हुए हैं?"

मी तपासलं. "मिले हुए हैं। और कहाँ रहेंगे?"

त्या मनापासून हसल्या. मला राग आला. लहानपणापासून आईने शिकवलेलं, तोंड मिटून बस. मिटलेलं तोंड म्हणजे ओठावर ओठ आणि दातावर दात. यात हसण्यासारखं काय होतं?

मग त्यांनी समजावलं, आणि मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं, की दातांची विश्रांतीची जागा एकमेकांवर नसतेच. दात भिडायचे ते चावताना आणि गिळताना. बाकीचा सारा दिवस ओठ मिटलेले, दात सुटे, आणि जीभ वरच्या टाळूला, पुढच्या दातांच्या मागे हलकेच टेकलेली. हे मी तिथेच करून बघितलं. कानशिलांखालचं काहीतरी सैल पडलं. कुणीतरी पाठीवरची पिशवी उतरवून घ्यावी तसं.

रात्रीचं दळण आपल्या हातात नसतं, असं त्या म्हणाल्या. त्याला चिंता कारण असू शकते, संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी असू शकते, कधी घोरण्याचाही संबंध असतो. घोरता का, दिवसा पेंग येते का, हे त्यांनी विचारून घेतलं. तसं काही नव्हतं. दातांची झीज थांबावी म्हणून रात्री लावायची प्लेट बनवू, पण प्लेट दात वाचवते, सवय मोडत नाही, हे नीट लक्षात ठेवा. सवय मोडायची तर ती दिवसा कधी आणि कुठे येते ते आधी शोधा. जबडा अडकला तर जोराने उघडायचा नाही. दुखेल तेव्हा गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गालाला लावायचा, थोडे दिवस मऊ खायचं, सुपारी आणि फुटाणे बंद. मग त्यांनी गुलाबी लगदा तोंडात भरून दातांचा ठसा घेतला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सलग काही वेळ कोणालाही काही सांगू शकले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःवर पाळत ठेवली. पोळ्या लाटताना? दात सुटे. बाजारात, रिक्षात? सुटे. सासूबाई मीठ कमी म्हणाल्या तेव्हा? जरा भिडले, लगेच सुटले. पण केबिनमध्ये शिरून माइकसमोर बसले, घोषणा केली, बटण बंद केलं आणि तपासलं, तर दात असे आवळलेले, जसा कोणी चोर पकडून ठेवलाय. पुढच्या घोषणेपर्यंत तसेच. आणि पुन्हा तेच.

का, ते मला त्याच क्षणी कळलं. कारण होतं कुकर.

झाशीतल्या मराठी घरांची एक सवय आहे. बाहेर आपण हिंदी बोलतो, आणि कोणाला कळू नये असं काही असलं की मराठीत शिरतो. भाजीवाल्यासमोर "नको घेऊ, शिळी आहे" म्हणायला मराठी. लग्नात "यांचा रायता बघ, नुसतं पाणी" म्हणायला मराठी. घरातली भाषा म्हणजे आमची चालतीफिरती खोली, कुठेही दार लावून आत बसावं. केबिनमध्ये मी एकटी असले की स्वतःशी मराठीत बोलायचे, त्यात मला कधीच काही धोका वाटला नाही.

काही वर्षांपूर्वी एका दुपारी मी दक्षिणेकडून आलेल्या गाडीची घोषणा संपवली. माइकचं बटण पंख्याच्या बटणासारखं होतं, खाली केलं की चालू, वर केलं की बंद. मी ते वर करायला विसरले. सहकारी चहाला गेले होते. आणि मी मोठ्याने म्हणाले, "अगं बाई! कुकर उतरवायला सांगायचं राहिलंच. आता सासूबाई शिट्ट्या मोजत बसतील आणि गवारीचा चिखल होईल."

सगळ्या फलाटांवर ते गेलं. ज्या स्टेशनावर मी मराठीला बंद खोली समजत होते, तिथे महाराष्ट्रातून दिल्लीकडे जाणारी आख्खी गाडी उभी होती. गाडीतून इतका हशा उठला की मला खिडकीतून ऐकू आला. सहकारी धावत वर आले, "काए जिज्जी, जे का कै दओ?" त्यांना एक शब्द कळला नव्हता, आणि फलाटावर डब्याडब्यातून लोक डोकी काढून का हसतायत ते त्यांना कळेना. मग एक गृहस्थ खाली चौकशीच्या खिडकीशी येऊन अगदी गंभीरपणे म्हणाले, "त्या बाईंना सांगा, आमच्या हिच्या मते गवारीला दोन शिट्ट्या पुरे."

साहेब रागावले नाहीत, फक्त "ध्यान रखिए" म्हणाले. सासूबाईंना संध्याकाळपर्यंत बातमी पोहोचली होती. त्या म्हणाल्या, "गवार छान झाली होती. स्टेशनभर माझी बदनामी कशाला?"

सगळे विसरले. मी विसरले नाही. त्या दिवसापासून केबिनमध्ये मी तोंडाला कुलूप लावलं. चुकूनही शब्द सुटू नये म्हणून दातावर दात. मला वाटायचं ही शिस्त आहे, आणि शिस्तीचा मला अभिमानच होता. दिवसभराची ती शिस्त रात्री झोपेतही सुटत नव्हती.

एकदा कारण सापडलं की मग माझ्यासारखीला अडवणं कठीण. मी टिकल्यांचं एक पाकीट आणलं. जिथे माझी नजर वारंवार जाते तिथे एकेक टिकली चिकटवली: माइकच्या दांड्यावर, वेळापत्रकाच्या पाटीवर, फोनवर, घरी आरशावर, चहाच्या डब्यावर, पिठाच्या डब्यावर. नियम एवढाच, टिकली दिसली की दात तपासायचे. भिडले असतील तर जीभ टाळूला, ओठ मिटून, एक सावकाश श्वास, जबडा सोडायचा.

"पिठाच्या डब्याला टिकली?" सासूबाईंनी विचारलं. "त्याचं लग्न ठरलंय का?"

"आई, हे माझं औषध आहे."

"वावडिंग कडू लागलं, टिकली गोड लागते," त्या म्हणाल्या. पण दोन दिवसांनी मी पोळ्या करताना त्यांचा आवाज आला, "सूनबाई, दात!" त्यांनी नवीन काम पत्करलं होतं आणि त्या ते टिकलीपेक्षा चोख करत होत्या.

केबिनमधली टिकली बघून सहकाऱ्यांनी आधी हात जोडले. त्यांना वाटलं, मी माइकची पूजा मांडलीय. खरं कारण सांगितल्यावर त्यांनी लगेच स्वतःचे दात तपासले आणि घाबरून म्हणाले, "जिज्जी, मोरे तो सोई मिले हैं!" त्यांचेही भिडलेलेच होते. मग केबिनमध्ये आम्ही दोघं माणसं ओठ मिटून, दात सोडून बसलो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन साधू बसलेत असं वाटलं असतं.

प्लेट आली. रात्री घातली की तोंडात कोणीतरी पाहुणा येऊन बसल्यासारखं वाटायचं. यजमान म्हणाले, "बबिन्याच्या लष्करी छावणीतल्या बॉक्सरसारखी दिसतेस. भांडायचं तर उद्या सकाळी भांडू." संध्याकाळचा चहा बंद केला, ते सगळ्यांत जड गेलं. झोपण्यापूर्वी गालांना गरम टॉवेल. सकाळी तोंड धुताना जिभेचं टोक टाळूला लावून हळूहळू तोंड उघडायचं, कट्‌कन होण्याआधी थांबायचं.

घरात गुण आला. कानशिलं शांत झाली. पण केबिनमध्ये अडलं. टिकली दिसायची, मी दात सोडायचे, आणि सोडल्याबरोबर नजर बटणाकडे जायची. दात सुटले की शब्द सुटेल. बटण वर केलंय ना? पुन्हा बघितलं. केलंय. पुन्हा बघितलं. दात पुन्हा भिडले. काही दिवस असे गेले, आणि मी रडायच्या बेताला आले. बाहेर पहाटेचा गारवा वाढत चालला होता. साहेबांना येता-जाता भोंग्याखाली थांबून ऐकताना मी खिडकीतून बघत होते.

एका सकाळी कुकरचंच झाकण लावताना माझ्या डोक्यात उजेड पडला. कुकरची वाफ दाबून ठेवतं ते झाकण, पण वाफ बाहेर जायची सोय शिट्टीत केलेली असते. माझ्या तोंडाला मी झाकण केलं होतं आणि शिट्टीची सोयच ठेवली नव्हती. पहारा तोंडावर कशाला? पहारा बटणावर हवा. मी चपला घालून सरळ साहेबांकडे गेले.

"सर, मुझे घंटी वाला बटन चाहिए। दबाओ तो चालू, छोड़ो तो बंद।"

साहेबांनी चष्मा काढला. "बस इतनी-सी बात?"

"सर, इतनी-सी बात में मेरा पूरा जबड़ा है।"

त्यांनी चष्मा परत लावला आणि वायरमनला बोलावलं. बटण बसलं. मी बोट दाबलं की माइक जिवंत, बोट उचललं की मेलेला. पहिल्याच घोषणेनंतर बोट उचललं, खुर्चीला टेकले आणि मुद्दाम मोठ्याने मराठीत म्हणाले, "आज गवार आहे, आणि कुकर उतरला का नाही मला माहीत नाही, आणि मला त्याची पर्वा नाही!" सहकारी धावत खिडकीशी गेले. खाली फलाटावर एक हमाल बिडी ओढत बसला होता. त्याने मान वर केली नाही. कोणीच केली नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी केबिनमधून बाहेर पडले तेव्हा दात सुटे होते. मी ते न बघता सांगू शकत होते.

मग धुकं आलं. खिडकीतून पहिला फलाटही दिसेना. फोन वाजत राहिले, चिठ्ठ्या येत राहिल्या, आलेली गाडी दुसऱ्याच फलाटावर घ्यावी लागत होती. मी बोलत होते, बोट उचलत होते, जबडा सोडत होते, पुन्हा बोलत होते. दुपारपर्यंत माझा आवाज सकाळच्याइतकाच मोकळा होता. साहेब एकदा दारात उभे राहून गेले. पार्सलचं नावही काढलं नाही.

दुपारी ते पुन्हा आले, या वेळी घाईत. महाराष्ट्राकडे जाणारी गाडी वेगळ्याच फलाटावर घ्यायची ठरली होती, आणि बायकांचा एक मोठा जथा आधीच्याच फलाटावर बसून होता. हिंदी त्यांना येत नव्हती. माणूस पाठवला तर त्याच्यावर विश्वास ठेवेनात, सामान सोडून उठेनात.

"बहनजी," साहेब म्हणाले, "आप अपनी भाषा में बोल दीजिए।"

सहकारी माझ्याकडे बघायला लागले. मी माइककडे बघितलं, टिकलीकडे बघितलं. दात सुटे होते. मी बोट ठेवलं.

"महाराष्ट्राकडे जाणाऱ्या मावश्यांनो, इकडे लक्ष द्या. तुमची गाडी आता समोरच्या फलाटावर येतेय. घाई करू नका, गाडी थांबणार आहे. बोचकी मोजून घ्या, एकमेकींचे हात धरा आणि पुलावरून या. जिना ओला आहे, जपून."

बोट उचललं. खिडकीतून काही दिसत नव्हतं, धुकं होतं. पण आवाज आला. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "अगं, आपली बाई बोलतेय!" आणि मग पुलावर खूप साऱ्या चपलांचा आवाज.

साहेब ऐकत उभे होते. "साफ़ आवाज़," ते म्हणाले, आणि निघून गेले. एवढंच. मला तेवढं पुरेसं होतं.

सहकाऱ्यांनी पुढची चिठ्ठी सरकवली आणि अगदी निरागस चेहऱ्याने विचारलं, "जिज्जी, कुकर उतर गओ?"

मी इतकी हसले की जबडा पूर्ण उघडला, पार डाव्या कानापर्यंत, आणि कट्‌ असा आवाज आला नाही.

त्या संध्याकाळी यजमान बरुआसागरहून पेरू घेऊन आले होते. मी एक पेरू न चिरता, तसाच, दोन्ही बाजूंच्या दाढांनी खाल्ला. सासूबाई बघत होत्या. "वावडिंगाचा गुण," त्या म्हणाल्या. मी दुसरा पेरू उचलला.

प्लेट मी अजूनही घालते. मुलीची परीक्षा आली की, घरात कोणी आजारी पडलं की, दात रात्री पुन्हा दळायला बसतात. तसं असतंच, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तेव्हा टॉवेल, मऊ भात, संध्याकाळचा चहा बंद, आणि दिवसा पाळत. आता म्हणे आमच्याकडे घोषणा करायला यंत्र बसवणार आहेत, आवाज आधीच भरून ठेवलेला. येऊ दे. धुक्यात फलाट बदलला की साहेब मला बोलावणारच आहेत. माइकवरची टिकली मी कालच बदलली.